एल-१३४ ची व्हॉल्व्ह स्प्रिंग: लांबी नको, दाब मोजा

विलीज जीपच्या एल-१३४ इंजिनाची जुनी व्हॉल्व्ह स्प्रिंग (व्हॉल्व्ह बंद ठेवणारी) मोकळी लांबी अडीच इंच भरली की बिनधास्त बसवा, असं काही जण सांगतात. ते मला पटत नाही. थकलेली स्प्रिंग लांबीला बरोबर भरूनही दाबाला कमी पडू शकते. या इंजिनाला कंपनीनेच आकडे दिलेत: व्हॉल्व्ह बंद असताना २ ७/६४ इंचाला ५० पौंड, पूर्ण उघडल्यावर १ ३/४ इंचाला ११६ पौंड. पुण्याजवळ भोसरीत आम्ही ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवून स्प्रिंग तेवढ्या उंचीपर्यंत दाबतो. काट्यावर अनुक्रमे साधारण २२.७ आणि ५२.६ किलो दिसायला हवेत.

पण खरी गोम सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडेत आहे. साइड व्हॉल्व्ह इंजिनात (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्ये असतात) सीट कापली, व्हॉल्व्ह घासला की व्हॉल्व्ह खाली उतरतो, रिटेनर (स्प्रिंगचं खालचं टोक धरणारी वाटी) ब्लॉकपासून लांब जातो आणि स्प्रिंग सैल पडते. वरच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर व्हॉल्व्ह १/१६ इंच उतरला की ८ ते ११ पौंड जातात. म्हणजे कोरी स्प्रिंग घालूनही ५० ऐवजी हातात ३९ ते ४२ पौंडच! त्यामुळे व्हॉल्व्ह सीटवर टेकवून आधी स्प्रिंगची बसवलेली उंची मोजा आणि २ ७/६४ इंचापेक्षा जेवढी वाढली असेल तेवढ्याच जाडीची शिम (चकती) ब्लॉक आणि स्प्रिंगच्या मध्ये घाला. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत मापाची मिळाली नाही तर लेथवर करून घ्या. स्प्रिंगची जवळजवळची वेटोळी ब्लॉककडेच ठेवा. 'सेफ्टीसाठी' कडक स्प्रिंग मात्र कृपया नको. चार हजार आरपीएमच्या आतल्या इंजिनात तिने व्हॉल्व्ह उचलणारे कॅम आणि टॅपेट उगाच झिजतात. टॅपेटचं क्लिअरन्स (टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधली फट) हे सगळं झाल्यावरच लावा, कारण व्हॉल्व्ह उतरल्याने तेही कमी झालेलं असतं.