मदत हवी आहे: बॅकअपच्या बॅच फाइलला मराठी नावाचा फोल्डर दिसतच नाही

माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, विंडोज १०. सगळी कामं डी ड्राइव्हवर. शटर ओढायच्या आधी ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर जावीत म्हणून भाच्याने नोटपॅडमध्ये बॅच फाइल (डबल क्लिक केलं की आतल्या कमांड ओळीने चालवणारी) करून दिली. रोबोकॉपीच्या, म्हणजे विंडोजमधल्या फोल्डर कॉपी करायच्या कमांडच्या, तीन ओळी, प्रत्येक फोल्डरला एक. बिलं आणि फोटो या फोल्डरांची नावं इंग्रजीत, तिसऱ्याचं देवनागरीत: लग्नपत्रिका. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते, अक्षरं भरभर पळतात, खिडकी बंद. झालं काम, असंच मी समजत होतो.

परवा एक जुने गिऱ्हाईक आले, थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची हवी म्हणून. डी ड्राइव्हवरची फाइल मीच साफसफाईत उडवली होती. बॅकअप उघडला, तर लग्नपत्रिका नावाचा फोल्डरच नाही! नशीब, छापखानेवाल्याकडे प्रत निघाली.

मग फाइलच्या शेवटी 'पॉज' टाकून खिडकी थांबवली. फोल्डरच्या नावाच्या जागी अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग ठिपक्यांचा ठोकळा, असलंच काहीतरी लांबलचक. खाली एरर २, म्हणजे सापडत नाही. आत शेकडो फोल्डर आहेत, सगळे वर-वधूंच्या आडनावांचे, मराठीत. तेवढ्यांची नावं बदलायची का? आणि भाचा म्हणतो रोबोकॉपीला /एमआयआर लाव, म्हणजे बॅकअप मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल राहील. लावू का?

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, फाइलमध्ये इंग्रजीतच आहेत.)

प्रतिसाद १:
आतल्या फोल्डरांना हात लावू नका. रोबोकॉपीला मराठी नावं व्यवस्थित कळतात. घोळ फक्त बॅच फाइलमध्ये लिहिलेल्या नावाचा आहे. नोटपॅड 'ल' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटांत साठवतं आणि काळी खिडकी ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचते. तुमचा अल्फा, एन आणि ठोकळा म्हणजे एकटा 'ल'. फाइलची पहिली ओळ 'सीएचसीपी ६५००१' करा, म्हणजे खिडकीही यूटीएफ-८ वाचेल. सेव्ह करताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ ठेवा, बीओएमवालं (फाइलच्या सुरुवातीला छुपी खूण टाकणारं) नको. खिडकीत तरीही चौकोन दिसतील, ते फॉन्टमुळे. कॉपी बरोबर होईल. नाहीतर सरळ वरच्या एका फोल्डरला इंग्रजी नाव द्या. मी तेच केलं असतं.

प्रतिसाद २:
/एमआयआर अजिबात नको! मूळ जागी नसलेली फाइल तो बॅकअपमधूनही पुसतो. तुम्ही साफसफाईत उडवलेली पत्रिका त्याच संध्याकाळी तिकडूनही गेली असती. /ई पुरे, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट कॉपी होते. सोबत /आर:१ /डब्ल्यू:१ (पुन्हा एकदाच प्रयत्न, एक सेकंद थांबून) लावा, कारण एखादी फाइल अडली तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केलात तर जवळपास वर्ष होतं. आधी एकदा /एल लावून चालवा, काय कॉपी होणार ते नुसतं दाखवतो. आणि /युनिलॉग देऊन नोंद फाइलमध्ये घ्या. साध्या /लॉगमध्ये मराठी नावांचा पुन्हा चुथडा होतो.

धागाकर्ता:
नाव बदलायला जीव झाला नाही, सीएचसीपीचीच ओळ टाकली. चाललं! /एल लावून बघितलं तेव्हा यादी संपता संपेना. आता खरी कॉपी लावलीय, ४० मिनिटं झाली, अजून 'क'वरच आहे. शटर अर्धं ओढून बसलोय.