दोन कनेक्शनं जोडली तरी स्पीडची बेरीज होत नाही
एकाच विंडोज कॉम्प्युटरला दोन्ही जोडली तर केबलचे 100 आणि मोबाईल हॉटस्पॉटचे 40 मिळून 140 एमबीपीएस होतील का, असा प्रश्न पडतो. नाही होत. दोन्ही चालू असली तरी विंडोज ज्याचा मेट्रिक आकडा (कोणती वाट आधी धरायची ते सांगणारा) कमी, त्याच वाटेने नेटचा डेटा पाठवतं. हा आकडा ते स्वतःच ठरवतं आणि सहसा केबलला झुकतं माप देतं.

आणि हॉटस्पॉटऐवजी घरचंच वाय-फाय जोडलं, म्हणजे केबल आणि वाय-फाय दोन्ही एकाच राउटरवरून येत असतील तर खटाटोप व्यर्थच. बाहेर जाणारी लाइन एकच.

खरा उपयोग आहे तो बॅकअपला. मुंबईत पावसाळ्यात गच्चीवरून ओढलेल्या वायरीची काय गत होते ते आपण जाणतोच. पण इथे एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. गच्चीवरची वायर तुटली तरी राउटर ते कॉम्प्युटर ही केबल शाबूत असते, पोर्टवरचा दिवा मिणमिणत असतो. त्यामुळे विंडोज बरेचदा तीच मेलेली वाट धरून बसतं आणि शेजारी हॉटस्पॉट चालू असूनही पान उघडत नाही. अशा वेळी सरळ केबल उपसा, किंवा नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन इथरनेट (म्हणजे केबलचं कनेक्शन) डिसेबल करा.

कायम हॉटस्पॉटच आधी हवा असेल तर तिथेच वाय-फायच्या (हॉटस्पॉट त्यावरूनच येतो) प्रॉपर्टीज, आयपी व्हर्जन 4, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढून 10 टाका, इथरनेटला 50. त्याच यादीत आयपी व्हर्जन 6 चालू असेल तर तिथेही हेच करा, ते हमखास राहून जातं.