चिंध्यांचं पायपुसणं मधात आवळते, कडेला तुटते. काय चुकते?

कापूसवाली (यवतमाळ जिल्हा):
जुन्या बाजेच्या चौकटीवर खिळे ठोकून २×३ फुटाचं विणते. उभ्याला पोत्याची सुतळी इंचाइंचावर, आडव्याला सुती साडीच्या इंचभर पट्ट्या, टोकाला टोक गाठ मारून. सुरुवातीला २४ इंच असते, मधात १९ वर येते. पावसाळा गेला की कडेची सुतळी तुटून चिंध्या लोंबतात. रोज पायाखाली टिकेल असं पाहिजे.

दाभण:
ताई, हे दोन वेगळे रोग आहेत. सुतळी तागाची, ओल धरून कुजते. दरीचं (सतरंजीचं) सुती सूत घ्या, बारीक असेल तर चार पदर पिळून एक करा. खिळे अर्ध्या इंचावर, पण एका रेषेत नको, वरखाली दोन ओळींत. नाहीतर लाकूड चिरते. २४ इंचाला ४९ धागे बसतात. दोन्ही कडांचे शेवटचे दोन-दोन धागे दुहेरी घ्या.

आता आवळणं. पट्टीला प्रत्येक धाग्याच्या वरखाली जायला जास्तीची लांबी लागते. सरळ ताणून ठोकली की ती लांबी कडेतून ओढून घेते. म्हणून पट्टी कमानीसारखी सैल टाका, मधात तीन-चार बोटं उंच, मग पंजानं (सतरंजी ठोकायच्या दातेरी फणीनं) मधातून कडेकडे ठोकत जा. दर चार इंचाला टेप लावा. अर्धा इंच कमी भरला की तिथंच उसवा, पुढं सैल सोडून ते भरून निघत नाही.

जुनं लुगडं:
गाठी आधी बंद करा. गाठ उंच राहते, पाय तिथंच घासतो, तीच आधी फाटते. टोकं तिरपी कापून दोन इंच एकावर एक ठेवून टाके घाला. जोड कडेपासून तीन इंच तरी आत. पातळ साडीची पट्टी दीड इंच, चादरीची इंचभर पुरे. नवं कापड असेल तर आधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते. टी-शर्टाच्या पट्ट्या सुतीत मिसळू नका, लाटा येतात. घट्ट ठोकायचं तर एका पायपुसण्याला दोन साड्या लागतील असं धरा.

कापूसवाली:
अन् शेवटचे चार इंच? धागे तारेसारखे ताठ होतात, हात शिरत नाही.

दाभण:
पक्क्या चौकटीत ताण वाढणारच. सुरुवातीलाच सूत इतकं ठेवा की मधात बोटानं दाबलं तर अर्धा इंच दबेल. शेवटी पट्टी दाभणात ओवून एकेक धागा उचला. दोन्ही टोकांना इंचभर नुसतं सूत विणा, अन् उतरवताना चार-चार धागे सोडवून लगेच गाठा.