धनगरवाड्यांच्या ओव्या कोल्हापूरच्या व्यासपीठावर जपायच्या की वाड्यावरच?

करवीरकर (धागाकर्ता):
आपल्याकडे लोककलेचा कार्यक्रम म्हटला की घोंगडी पांघरलेले चार गायक येतात, दहा मिनिटांत सुंबरान (ओवीच्या आरंभीचे देवाचे स्मरण) मांडून आटोपते घेतात, शाल-नारळ स्वीकारून परततात आणि परंपरा जपल्याचे समाधान प्रेक्षक घरी घेऊन जातात. धनगरी ओवीत गायलेला भाग आणि गद्य कथन एकमेकांत गुंफलेले असते आणि धनगरांचे दैवत बिरदेव याची कथा रात्र-रात्र चालते. तिच्यातील कथन कापले की हाती केवळ ताल उरतो. म्हणून माझा प्रस्ताव असा की राधानगरी, भुदरगड, गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांतील डोंगरी शाळांमध्ये वाड्यावरच्या (धनगरांच्या डोंगरातील वस्तीवरच्या) जाणत्या माणसांना रीतसर मानधन देऊन कथा, ओवी आणि ढोलवादन शिकवायला बोलवावे. सत्कारांवर होणारा खर्च तिकडे वळवला तरी सुरुवात होईल.

घाटवाट:
करवीरकर, हेतूबद्दल शंका नाही, परंतु क्रम उलटा आहे. घाटमाथ्यावरचा डंगे धनगर म्हशींवर जगतो. राधानगरी अभयारण्य १९५८ सालचे, आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे. त्याच्या आत आणि कडेला राहणाऱ्यांसाठी चराईचे निर्बंध हा रोजच्या पोटाचा प्रश्न आहे. चराई आटली की म्हशी कमी होतात, म्हशी कमी झाल्या की तरुण मुले एमआयडीसीत किंवा गोव्यात जातात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी कथा सांगायची तरी कोणाला? ज्या वाड्यावरून पावसाळ्यात रुग्णाला डोलीत घालून खाली आणावे लागते, तिथे आधी रस्ता आणि वनहक्क मागावेत. पटसंख्येअभावी शाळाच बंद पडली, तर तुमचे मानधन कोणत्या वर्गात पोहोचणार आहे?

हातकणंगलेकर:
दोघेही परंपरेला उगाच दुबळी समजत आहात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा) यांचा गजर, भंडाऱ्याची उधळण आणि यात्रेचे मानकरी फरांडेबाबा यांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचे भाकीत, यांसाठी लाखो माणसे जमतात. फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी येतात. श्रद्धा आहे तोवर कला आहे. शाळेच्या वेळापत्रकात घातलेली ओवी परीक्षेपुरती पाठ होईल.

घाटवाट:
पट्टणकोडोली सपाटीवर आहे आणि तिथे येणारा समाज प्रामुख्याने मेंढपाळ आहे. म्हशीवाले आणि मेंढीवाले एकाच घोंगडीत गुंडाळू नका. दाजीपूरच्या बाजूला मोजक्या घरांचे, एकमेकांपासून दूर असलेले वाडे आहेत. त्यांना यात्रेच्या गर्दीचा आधार नाही.

आजरेकरीण:
यात्रेचा दाखला मलाही अपुरा वाटतो, पण 'आधी रस्ता, मग ओवी' हेही पटत नाही, कारण रस्ता होईपर्यंत सांगणारी पिढी थांबणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण पाहा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्या कामाची मुळे पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील 'गरीब डोंगरी संघटने'च्या कामात होती. गाणे आणि हक्काची मागणी तिथे एकाच बैठकीत चालली. आपल्याकडे मात्र बाहेरचा अभ्यासक येतो, ध्वनिमुद्रण करतो, आणि वाड्याला त्याची प्रतही मिळत नाही. (पदवी त्याची, घसा कोरडा दुसऱ्याचा.) ध्वनिमुद्रण करायचेच तर वाड्यावरच्या मुलामुलींनी मोबाईलवर करावे, सोबत पाणवठ्यांची, चराऊ रानांची आणि देवराईची नावे नोंदवावीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची अशी नोंद वनहक्काच्या दाव्यालाही आधार देऊ शकते, कारण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरले जाते.

करवीरकर:
ताई, नावांच्या नोंदीचा मुद्दा माझ्या प्रस्तावात घेतो. शाळेचा आग्रह मात्र सोडत नाही. ध्वनिफीत ऐकून कोणी ढोलकरी होत नाही. त्यासाठी शेजारी बसून हात चुकवत शिकावे लागते, आणि डोंगरात मुले रोज एकत्र येतात ती जागा शाळाच आहे.

घाटवाट:
दाव्याला उपयोग होणार असेल, तर नोंदीला माझा विरोध नाही. मात्र त्या नोंदी ग्रामसभेच्या ताब्यात राहाव्यात, कोल्हापुरातील कोणत्याही संस्थेच्या कपाटात नव्हे. आणि शाळेबद्दल बोलायचे, तर ती चालू ठेवण्याची मागणी आपण सर्वांनी आधी जिल्हा परिषदेकडे लेखी करावी.