ग्राफीनओएस टाकलंय, आता ॲप कुठनं घेऊ?

गंगावेस_पहाट
मंडळी, रविवारी पिक्सेल ७ए फोनवर ग्राफीनओएस (गूगलची ॲप नसलेली, खाजगीपणा जपणारी अँड्रॉइड सिस्टीम) टाकलं. केबल लावून ब्राउझरमधनंच झालं, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) परत लॉकबी केला. आता फोन उघडला की कोरी पाटी: फोन, मेसेज, कॅमेरा, व्हॅनेडियम ब्राउझर, संपलं. काल पहाटे कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालो, ग्लास खाली ठेवला आणि ध्यानात आलं, यूपीआयच नाही. गवळीमामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, उद्या द्या." आयुष्यातली पहिली दुधाची उधारी!
एफ-ड्रॉइड, ऑरोरा, ऑब्टेनियम... ॲप घ्यायच्या वाटाच एवढ्या, नावं वाचूनच गरगरायलंय. प्ले स्टोरच टाकायचं तर एवढा उपद्व्याप कशाला केला?

उद्यमनगर_लेथ
टाक भावा, लाजू नको. फोनात आधीपासनं जे ॲप स्टोर आहे त्यातनंच प्ले सर्विसेस (बऱ्याच ॲपना लागणारा गूगलचा पाया) आणि प्ले स्टोर घे. साध्या फोनात गूगल घरमालक असतो, हिथं भाडेकरू. लोकेशन, कॉन्टॅक्ट, काय पायजे ते इतर ॲपसारखं मागायचं, तू नाही म्हणालास की विषय संपला. फक्त प्ले सर्विसेसची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' कर, नाहीतर नोटिफिकेशन तासभर उशिरा येतात आणि आपण नेटला शिव्या घालत बसतो.
बँकेची ॲप प्ले स्टोरमधनंच घे. नकाशाला ऑर्गॅनिक मॅप्स आणि पॉडकास्टला अँटेनापॉड एफ-ड्रॉइडवर (मुक्त स्रोत ॲपचं दुकान) मिळतील. ऑब्टेनियम महिनाभर विसर.

राजारामपुरी_९वी_गल्ली
यूपीआयचं मी सांगतो, हात पोळलेत. बँकेत नोंदवलेलं सिम याच फोनात पायजे, कारण नोंदणीचा एसएमएस त्यावरनंच जातो. ॲप उघडताच बंद पडलं तर ॲप इन्फोत जाऊन 'एक्स्प्लॉइट प्रोटेक्शन कम्पॅटिबिलिटी मोड' चालू करा. माझ्या एका बँकेचं ॲप तेवढ्यानं सुरळीत झालं. दुसरीचं काही केल्या उघडेना. काही ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडं (फोन-सिस्टीम तपासणारी सेवा) चौकशी करतात, आणि गूगलनं मान्य न केलेली सिस्टीम दिसली की दार लावतात. त्यात तुमची चूक नाही, इलाजही नाही. तोवर त्या बँकेची वेबसाइट वापरा.
जुना फोन एवढ्यात विकू नका. मी विकला होता.

गंगावेस_पहाट
आभारी आहे. कीबोर्डचं काय करू? रोमनमध्ये लिहून मराठी उमटायची सवय लागलीय.

उद्यमनगर_लेथ
गूगलचा जीबोर्ड घे. आधी मराठी डाउनलोड होऊ दे, मग परवानग्यांत जाऊन 'नेटवर्क' काढून टाक. हा खटका साध्या अँड्रॉइडात नसतोय.

रंकाळा_वारा
अर्धवट सांगू नका. नेटवर्क काढलं तरी एकाच प्रोफाइलमधली (फोनातला स्वतंत्र कप्पा) दोन ॲप आपसात बोलू शकतात, दोघांची तयारी असली की झालं. जीबोर्ड आणि प्ले सर्विसेस एकाच मालकाची. ज्याला हे नको त्यानं प्ले सर्विसेस आणि बँका वेगळ्या युजर प्रोफाइलमध्ये ठेवाव्यात. तिथं कॉल-एसएमएस आधी बंद असतात, ते चालू करावे लागतात. आणि दर वेळी प्रोफाइल बदलायचा कंटाळा येतो, तो येणारच.

उद्यमनगर_लेथ
बरोबर आहे. पण पहिल्याच आठवड्यात दोन प्रोफाइल केले की माणूस वैतागून जुन्या फोनवर जातोय. आधी एकातच रुळू दे.

गंगावेस_पहाट
अपडेट: यूपीआय चाललं, कम्पॅटिबिलिटी मोडचा खटका दाबल्यावर. आज दोन दिवसांचे पैसे एकदम दिले. पगाराच्या बँकेचं ॲप मात्र हटून बसलंय, म्हणून जुना फोन कपाटातच ठेवलाय. व्हॉट्सॲपला 'कॉन्टॅक्ट स्कोप्स' लावून आई, बायको आणि कारखान्यातला सुपरवायझर एवढेच दाखवले. आता बाकी सगळे नुसते नंबर दिसायलेत. काल रात्री मेव्हण्याला "कोण आपण?" विचारलं, तो अजून फुगलाय. त्याला आत घ्यायचा का?

रंकाळा_वारा
मेव्हणा आत घ्या. सुपरवायझर काढा.