पळण्याचा व्यायाम केल्यावर दोन-दोन दिवस थकवा भरून निघत नाही, हवेमुळं असेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, वय ४३, चार वर्षं झाली पळतोय, हरिपूर रोडला पहाटे साडेपाचला ८-१० किमी, आठवड्यातनं चार दिवस. पावसाळ्यात काहीच त्रास नव्हता, पण उसाचा गळीत हंगाम सुरू झाला तसं पळणं तेवढंच, वेग तोच, तरी पोटऱ्या दोन-दोन दिवस ठणकतात, घशात खवखव, आणि उठल्या उठल्या नाडी मोजतो ती ५८ असायची ती आता ६६ भरतेय. डॉक्टरांना दाखवलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर सगळं नॉर्मल, म्हणाले वय झालं, कमी पळा.

मला ते पटेना. कारण मध्यंतरी साताऱ्याला बहिणीकडं चार दिवस होतो, यवतेश्वरचा घाट दोनदा पळत चढलो, इथल्या सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जड काम, तरी दुसऱ्या दिवशी पाय हलके आणि नाडी ५९. परत आलो की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरामागचा ऊस तुटलाय, रात्री पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवतात. सकाळी गच्चीत वाळत घातलेल्या बनियनवर काळी राख असते, बोटानं झटकायला गेलं की पसरते. (शेतकऱ्याला बोल लावत नाही, आमचाही ऊस आहे, चुलत्यांनी यंदा पाचट न जाळता एकाआड एक सरीत कुजवायला टाकलंय.) ही राख नाकात अडकत असेल, पण धुरातले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले कण पार फुप्फुसाच्या तळाला जाऊन सूज आणतात. ॲपवर ते पन्नाशीला (मायक्रोग्रॅम दर घनमीटर हवेत) दिसतात, आपली भारताची २४ तासांची मर्यादा ६०, पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५ आहे. थंडीत पहाटे गार हवा खाली बसते नि धूर वर जात नाही म्हणून पळायची वेळ दुपारी साडेचारला केली, त्यानं घसा सुधारला, नाडी नाही.

म्हणून खरा प्रश्न असाय, शरीराची झीज भरून निघते ती रात्री झोपेत, आणि माझी खिडकी बरोबर त्या रानाकडं उघडी. सगळे पळतानाच्या हवेबद्दलच सांगतात, पण नंतरच्या आठ तासांच्या हवेनं कुणाची रिकव्हरी अडकलीय का? आजपासून खिडकी लावून झोपणार आहे, पण आईला दमा, ती त्याच खोलीत असते, कोंदटलं तर तिला त्रास. १० बाय १२ च्या खोलीला हेपा फिल्टरवाला (बारीक कण अडवणारा) हवेचा प्युरिफायर पुरतो का? कुणी वापरला असेल तर प्लीज सांगा, रोजची नाडी मी इथं लिहीत जाईन.