पणजोबांच्या बिल्ल्यावर दुसऱ्याचंच आडनाव? (११० मराठा पलटण, कूतचा वेढा)

माळ्यावरची_ट्रंक:
नमस्कार मंडळी. गणपतीत गावी (खेड तालुका) कौलं काढताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आत एक मेडल. आजी त्याला 'बसऱ्याचा बिल्ला' म्हणायची. घरात लहानपणापासून ऐकलंय ते असं: आजोबांचे वडील पलटणीत जमादार (म्हणजे देशी अधिकारी) होते, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला गेले, पुढे तिथेच टायग्रिसकाठच्या कूत गावाला तुर्कांचा वेढा पडला त्यात सापडले. उपाशी राहिले पण घोडं खाल्लं नाही. मग तुर्कांच्या कैदेत पडले आणि लढाई संपल्यावर घरी आले तेव्हा तोंडात मोजून चार दात. उजव्या खांद्यावर मोठा घट्टा होता, बंदुकीचा म्हणे.

अडचण अशी की बिल्ल्याच्या कडेवर इंग्रजी अक्षरं आहेत आणि आईने पीतांबरीने घासून त्यातली निम्मी घालवलीत. आधी एक नंबर, मग बी-एच-आय-एस, पुढे पुसट, मग पणजोबांचं नाव (स्पेलिंग विचित्र, पण तेच), शेवटी ११०. आम्ही भिसे नाही. आमच्या गावातही कोणी भिसे नाहीत. मग हा बिल्ला आमचा, की कुणा भिस्यांचा आमच्याकडे राहिलाय? आणि पणजोबा खरंच कूतला होते का, ते कुठे कळेल?

नाणीवाला:
कडेवरचा क्रम नंबर, हुद्दा, नाव, पलटण असा असतो. नावाच्या आधी आडनाव यायचं कारण नाही. एका बाजूला राजाचं मुंडकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, १९१४ आणि १९१८, असं आहे ना? चांदीचं आहे की तांब्यासारखं? आणि कृपा करून पीतांबरी बंद करा. रांगोळीची बारीक पूड कडेवर चोळा, पुसा आणि दिव्याखाली तिरकं धरा.

सह्याद्री७२:
राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या साइटवर नाव टाकून बघा. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे.

नाणीवाला:
ती मेलेल्यांची यादी आहे हो. यांचे पणजोबा घरी आले.

माळ्यावरची_ट्रंक:
उघडा माणूस बरोबर! आम्ही लहानपणी त्याला खंडोबा समजायचो. रंग तांब्यासारखा. रांगोळी लावली तर एस-च्या पुढे टी आणि आय दिसलं. भिस्टी??

नाणीवाला:
भिस्ती. पाणी वाहणारे. चांदीचं मेडल लढणाऱ्यांना, ब्राँझचं पलटणीबरोबरच्या बिनलढाऊ माणसांना: भिस्ती, लंगरी, धोबी, हमाल. म्हणजे बिल्ला तुमचाच आहे, जमादारी मात्र तुमची नाही. जमादाराला ब्राँझ मिळालं नसतं.

जुनी_पलटण:
(बेळगावला पंधरा वर्षं काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.) कूतमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. बगदादजवळच्या टेसिफोनची लढाई २२ नोव्हेंबर १९१५ ला झाली, तिथून मागे फिरत ३ डिसेंबरला सगळे कूतला पोचले. वेढा ७ डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने. आत लढणारे साडेअकरा हजारांच्या आसपास आणि भिस्ती-लंगरी धरून बिनलढाऊ साडेतीन हजार. पाणी टायग्रिसचं. पलीकडच्या काठावरून गोळ्या यायच्या, त्यामुळे नदीवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मशकीचा (भिस्त्याच्या कातडी पाणपिशवीचा) पट्टा खांद्यावरून जातो, हेही लक्षात घ्या.

पण नुसत्या ११० वरून ते आत होते असं ठरत नाही. आजारी, जखमी म्हणून आधीच बसऱ्याला गेलेले आणि मागून आलेले पण कूतला पोचू न शकलेले, त्यांच्याही बिल्ल्यावर ११० च.

मला दात जास्त महत्त्वाचे वाटतात. वेढ्यात गोऱ्यांना बेरीबेरी (ब जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग) जास्त झाला आणि आपल्या लोकांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा), कारण गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते आणि आपले बहुतेक जण नाही म्हणत होते. धर्मगुरूंची परवानगी आणवली तरी नाही. एप्रिलमध्ये पीठ अगदीच उतरलं तेव्हा पुष्कळांनी खाल्लं. स्कर्व्हीत हिरड्या सडतात, दात हलतात. हा पुरावा नव्हे, पण तुमच्या आजीची गोष्ट याच्याशी जुळते.

सह्याद्री७२:
खांद्याचा घट्टा कशाचाही असू शकतो. आमच्या आजोबांनाही होता, गवताचे भारे वाहून.

जुनी_पलटण:
हे मान्य.

शोधायचं तर बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. ११० ही १९२२ मध्ये पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती. पहिल्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांची कागदपत्रं रेड क्रॉसने जिनिव्हाहून ऑनलाइन टाकलीत. आडनावाची सगळी स्पेलिंगं लिहून मगच बसा. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या, त्या युद्धातल्या सैनिकांच्या रजिस्टरांची बातमी वाचली असेल, पण ती फक्त पंजाबची आहेत.

मोडीवाचक:
एक घरगुती उपाय. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक मागा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. पणजोबांच्या मुलांचे जन्म काढा. लढाई संपेपर्यंत कैदेत असलेला माणूस बहुधा १९१९ च्या आत घरी आलेला नसणार. मोडीत निघालं तर फोटो इथे टाका, वाचून देईन.

माळ्यावरची_ट्रंक:
अर्ज केला. पंधरा दिवसांनी या म्हणाले. आत्याला विचारलं, तिच्या म्हणण्याप्रमाणे थोरली बहीण १९१४ ची आणि तिच्यामागचे आजोबा १९२० चे. मध्ये कोणी नाही.

काकांना भिस्तीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दिवाणखान्यातल्या फोटोखाली 'जमादार' मीच रंगवलंय, ते आता कशाने निघेल?

नाणीवाला:
ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइन. पीतांबरी नको.